त्यांची बॅटरी

एकाच गिऱ्हाइकाकडे तीन दिवसांत तिसऱ्यांदा जायची वेळ आली की कुठल्याही मिस्त्रीचं डोकं फिरतं. माझंही फिरलं होतं. जानेवारी महिना, दुपारचे चार वाजत आलेले, रस्त्याच्या दोन्ही बाजूला हुरड्याला आलेली ज्वारी, आणि मी मोटरसायकलला मीटरची पिशवी अडकवून रामच्या वस्तीकडे निघालो होतो. वाटेत कुणी भेटून ‘कुठं निघाला अजिनाथ?’ असं विचारलं असतं तर मी नक्की वाकडं उत्तर दिलं असतं. सुदैवानं कुणी भेटलं नाही.

माझं मिरजगावात दुकान आहे. आधी नुसत्या बॅटऱ्या भरून द्यायचो, पुढं सोलर आलं तसं तेही करायला लागलो. बावीस वर्षं या कामात गेली. दिवा लागत नाही म्हटलं की त्याला चारच कारणं असतात. पॅनल, वायर, बॅटरी, नाहीतर कंट्रोलर. पाचवं कारण कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

हा कंट्रोलर म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. छपरावरच्या पॅनलकडून करंट येतो, तो बॅटरीत साठतो आणि रात्री दिव्याकडे जातो. या सगळ्याच्या मध्ये भिंतीवर विटेएवढी एक डबी बसवलेली असते, ती या घराची कारभारी. किती घ्यायचं, किती द्यायचं, कधी थांबायचं, सगळं तीच ठरवते. रामच्या डबीला मी आणखी एक काम लावून दिलं होतं. पॅनलवरचा उजेड संपला की दिवा आपोआप लागायचा आणि पॅनलवर उजेड पडला की आपोआप बंद व्हायचा. दिव्याला बटणच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी रामनंच तसं मागून घेतलं होतं.

“बटन नको, अजिनाथभाऊ,” तो म्हणाला होता. “बटन असलं की मानूस इसरतो. अंधार पडला की त्यो लागलाच पायजे आन उजाडल्याबिगर इझला न्हाई पायजे.”

तेव्हा मला वाटलं होतं, आळशी आहे लेकाचा.

राम दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेला. वस्तीवर त्याची आई रंगुबाई, बायको दिपाली आणि नुकती जन्मलेली मुलगी, एवढीच माणसं. रंगुबाई दरवर्षी कोयता घेऊन टोळीबरोबर जायची, यंदा सुनेच्या बाळंतपणासाठी मागं राहिली होती. आजूबाजूला दुसरं घर नाही. सरकारी लाइन अजून तिथवर आलेली नाही, त्यामुळं रात्री त्या सगळ्या माळावर उजेड म्हणजे मी बसवलेला तो एकच दिवा.

बाळ दवाखान्यातून घरी आणलं त्याच रात्री दिवा बंद पडला. अडीचच्या पुढं गेला आणि तासाभरानं आपला आपण आला. दुसऱ्या दिवशी दिपालीचा फोन आला, मी जाऊन कंट्रोलर बदलला. जरा भारीतला बसवला, दिवसरात्रीची नोंद ठेवणारा, मोबाईलवर सगळं दिसतं असा. त्या रात्री पुन्हा तेच. मग काल परत गेलो. अंगणात रंगुबाई ज्वारी पाखडत बसली होती. सूप खाली ठेवून ती मला हळूच म्हणाली, “यंत्राला काय बी झालेलं न्हाई, मिस्तरी. त्यांच्या बॅटरीमुळं हुतंय हे. त्यांची बॅटरी हाय ती.”

मला हसू आलं. बावीस वर्षांच्या मिस्त्रीला म्हातारी बिघाड सांगत होती. पण बॅटरी जुनी होती हेही खरं, तेव्हा दुकानातून नवी आणून जोडली आणि मनात म्हटलं, चला, म्हातारीचंही समाधान झालं. रात्री पुन्हा दिवा गेला.

आणि आज बाळाची पाचवी होती.

पाचवीची रात्र म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. सटवाई येते, लेकराच्या कपाळी काय लिहायचं ते लिहून जाते. त्या रात्री बाळाला अंधारात ठेवत नाहीत, आई डोळ्याला डोळा लावत नाही. सकाळी फोनवर दिपाली रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं. कोरड्या आवाजात एवढंच म्हणाली, “भाऊ, आज काय पण करा. आज लाइट जाऊ देऊ नका.”

मी पोचलो तेव्हा ती आतल्या खोलीत बाजेवर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. कानाला फडकं, डोळे खोल गेलेले. बाळाच्या उशाशी कोयता ठेवलेला. खोलीत शेपा आणि ओव्याच्या धुरीचा वास होता. मी दारातूनच विचारलं, “तेलाचा दिवा लावत नाही का बाई, तेवढ्यापुरता?”

तिनं मान हलवली. “त्याचा भरोसा नाय. मागच्या टायमाला तोच विझला होता.”

मागच्या टायमाला म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मला काम उरकायचं होतं.

कंट्रोलरसमोर उभा राहून मोबाईल जोडला आणि नव्या डबीतली दोन रात्रींची नोंद पहिल्यांदाच उघडली. खरं तर कालच उघडायला हवी होती. स्वतःला फार हुशार समजलं की असं होतं. ग्राफवर संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर पॅनलची रेघ शून्यावर आली होती, तशी ती सकाळपर्यंत शून्यावरच राहायला हवी. पण दोन वाजून पस्तीस मिनिटांनी ती वर उठली होती. तासभर वर राहून पुन्हा खाली बसली होती. दोन्ही रात्री तसंच, एका मिनिटाचा फरक नाही.

म्हणजे दिवा बंद पडत नव्हता. कंट्रोलर तो बंद करत होता, कारण पॅनलवर उजेड पडला होता. त्या बिचाऱ्या डबीला वाटत होतं, उजाडलं.

मला एकदम हलकं वाटलं. बिघाड सापडला की वाटतं तसं. घड्याळ उलटं लागलं असेल, दुपारचे अडीच आणि रात्रीचे अडीच यांची गल्लत असेल. पण घड्याळ बरोबर होतं, दुपारचं ऊन दुपारच्याच जागी होतं. मग म्हटलं, बॅटरीचा करंट उलटा पॅनलकडे जात असेल, असा एक बिघाड असतो. पण तसं असलं तर आकडा तेराच्या पुढं जात नाही. इथं अठरा व्होल्ट होते. मग कुणीतरी टवाळखोर छपरावर चढून टॉर्च मारत असेल. पण पत्र्यावर मांजर चढलं तरी खाली दणदण वाजतं, आणि टॉर्चच्या उजेडावर बॅटरी चार्ज होत नाही. इथं होत होती. पहिल्या रात्री पॉइंट एक अँपिअर, म्हणजे नुसतं फटफटल्यासारखं. दुसऱ्या रात्री पॉइंट आठ. सकाळी साडेआठचं ऊन पॅनलवर पडलं की एवढा करंट येतो.

जे काही होतं ते पहिल्या रात्री लांब होतं आणि दुसऱ्या रात्री जवळ आलं होतं.

“मावशी,” मी ओट्यावर येऊन म्हणालो, “रात्री अडीच वाजता इथं कोण येतं?”

रंगुबाई चुलीवरचा चहा गाळत होती. तिचा हात थांबला नाही. कप माझ्या हातात देऊन ती समोर बसली.

“दोन पस्तीसला,” ती म्हणाली.

मी तिला वेळ सांगितली नव्हती.

“चार वरसं झाली,” तिनं आवाज खाली घेतला. आत दिपालीला ऐकू जाऊ नये म्हणून असेल. “नेवाशाकडं टोळी हुती आमची. दिपाली पहिलटकरीन, तिथंच कोपीत मोकळी झाली. ल्योक झाला. त्याची पाचवी हुती. वारं लई हुतं त्या राती, पाचटाची कोपी ती, दिवा टिकना. चिमनी इझली, काडीपेटी गारठ्यानं सादळल्याली. रामनं मोबाईलचा उजेड धरला तर चार्जिंग संपली. फोन बंद पडताना त्याच्यावर दोन पस्तीस वाजल्यालं, ते माझ्या डोळ्यांत अजून हाय. पोरगं अंधारात निसतं कन्हत हुतं. तवा हे उठलं.”

‘हे’ म्हणजे तिचा नवरा, कानिफनाथ. मी त्याला ओळखत नव्हतो. माझं इथं येणं-जाणं नंतरचं.

“म्हनलं, सडकेपल्याड मुकादमाकडं बॅटरी हाय, ती घिऊन येतो. आलोच, म्हनलं. बॅटरी घेतली बी. परत येताना सडकंवर कुनीतरी उडीवलं त्यास्नी. कोन ते कळलं न्हाई कवाच. सकाळी सापडलं तवा मुठीत बॅटरी तशीच जळत हुती... आन पोरगं उजाडायच्या आतच गेल्तं.”

चहा माझ्या हातातच राहिला. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. लहानपणापासून मीही म्हणत आलो. दुकान टाकल्यापासून मात्र बॅटरी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं ऍसिडचीच येते. काल म्हातारी मला ही बॅटरी सांगत होती आणि मी दुसरीच बदलून गेलो होतो. आणि ‘त्यांची’ म्हणाली होती ती, मी ती रामची समजलो. स्वतःच्या पोराला कुठली आई ‘त्यांची’ म्हणते? एवढं तरी माझ्या टाळक्यात शिरायला हवं होतं.

“तुम्हाला वाटतं, ते येतात?”

“वाटतं कशाला? चालत येत्यात. बाळ घरी आलं तवा निघालं असतील. नेवासा काय जवळ हाय व्हय?”

मला त्या बाईची दया आली. खरं सांगतो, तेव्हा दुसरं काही वाटलं नाही. दुःखानं माणूस काहीही जोडतो. मी ठरवलं, हिला सगळं दाखवूनच द्यायचं. सूर्य बुडायला आला होता. पॅनल जाड कापडानं झाकून टाकायचं, म्हणजे त्यावर कुठूनही उजेड पडणार नाही. मग आकडा शून्य होईल, दिवा लागेल, आणि रात्रभर पॅनल तसंच झाकून ठेवलं की प्रश्न मिटला. मी रंगुबाईकडे एक गोधडी मागितली, शिडी लावली आणि वर चढलो.

पत्रा अजून कोमट होता. पश्चिमेला नुसता लालसर पट्टा उरला होता, खाली सगळा माळ काळा पडत चाललेला. मी गोधडी दुहेरी करून पॅनलवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि मोबाईल पाहिला. पॅनल शून्य. खाली खोलीत दिवा लागला, खिडकीतून उजेडाची चौकट अंगणात पडली.

“लागला का?” मी वरून ओरडलो.

“लागला, भाऊ,” दिपालीचा आवाज आला. त्या आवाजात पहिल्यांदा जीव होता.

मी समाधानानं मोबाईल खिशात टाकणार, तेवढ्यात आकडा हलला. तीन. मी बोटानं काच पुसली. सहा. वाटलं, दगड सरकला असेल. चारही दगड जागेवर होते. नऊ... चौदा...

आधी वास आला. जळालेल्या पाचटाचा, उसाच्या वाळल्या पाल्याचा. त्या भागात कोसकोस ऊस नाही हो, प्यायला पाणी नाही तर ऊस कुठला. पण वास पाचटाचाच होता, ओला, गोडसर. आणि मग माझ्या अगदी शेजारी धाप ऐकू आली. लांबून, घाईनं चालत आलेल्या म्हाताऱ्या माणसाला लागते तशी. तो घशात आवंढा गिळायचा आणि पुन्हा श्वास ओढायचा. पत्रा वाजला नव्हता. शिडी हलली नव्हती.

अठरा.

गोधडीच्या टाक्याटाक्यांतून उजेड येत होता. वरून पडत नव्हता, खालून येत होता. गोधडी आणि काच यांच्यामध्ये, जिथं बोट शिरायला जागा नव्हती, तिथं पिवळा उजेड पेटला होता आणि जुन्या लुगड्यांच्या धाग्यांमधून बारीक बारीक ठिपक्यांनी वर झिरपत होता. माझा हात गोधडीवर होता. हाताला ऊब लागत होती.

“भाऊ...” खालून दिपाली म्हणाली. “दिवा गेला...”

मी शिडी कशी उतरलो ते आठवत नाही. नडगी सोलली होती हे नंतर घरी कळलं. अंगणात रंगुबाई उभी होती, वर बघत. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला होता, नवऱ्यासमोर घेतात तसा.

“आज लवकर आलं,” ती पुटपुटली. “पाचवी हाय, ठावं हाय त्यास्नी.”

आत अंधारात दिपाली बाळाला छातीशी घट्ट धरून बसली होती. मी मोबाईलचा टॉर्च लावला. बाळ जागं होतं, रडत नव्हतं. पाच दिवसांच्या लेकराला काय दिसतं कुणास ठाऊक, पण ते छपराकडे बघत होतं, एकटक.

“वायर तोडा, भाऊ,” दिपाली म्हणाली. “वरची वायर तोडून टाका. त्यांना येऊ देऊ नका. एक नेलंय...”

“न्हेलं न्हाई गं,” रंगुबाई दारातून म्हणाली. “पोचले न्हाईत ते. त्याच्यासाठीच तर चालत्यात. नगं तोडू, अजिनाथ. माझ्या मान्साला आडवू नगं.”

दोघी माझ्याकडे बघत होत्या. एकीचं लेकरू होतं, एकीचा नवरा. आणि मला तिथून पळून जायचं होतं. पॅनलची वायर काढायला पक्कडीचे दोन हिसके पुरे होते. पक्कड हातात होती. मी डबीसमोर उभा राहिलो आणि माझ्या धंद्यातली एवढीशी अक्कल तेव्हा कामाला आली, त्याबद्दल देवाचे आभार मानतो.

“कुणाला अडवायचं नाही आणि दिवाही जाणार नाही,” मी म्हणालो. “ही डबी उजेड बघून दिवा बंद करते ना? मी तिला सांगतो, बघूच नको. चोवीस तास दिवा चालू ठेव. वर ऊन पडू दे, काहीही पडू दे.”

मोबाईलवर ते एक चौकटीत बोट ठेवण्याचं काम. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा लागलं आणि खोलीत दिवा आला. वर पॅनलचे अठरा व्होल्ट तसेच होते. आता घरात उजेड होता आणि घरावरही होता. हळूहळू वरचा आकडा उतरला, धाप कधी थांबली ते कळलंच नाही.

मी पिशवी भरायला लागलो. दिपाली म्हणाली, “रात्री थांबता का, भाऊ? बाहेर ओट्यावर झोपा. नुसतं माणूस असलं तरी पुरे.”

मी म्हणालो, “घरी सांगून आलो नाही.” फोन खिशात असलेल्या माणसानं हे कारण द्यावं, याची मला आजही लाज वाटते. गाडी चालू केली आणि मिरजगाव येईपर्यंत आरशात पाहिलं नाही. घरी मोबाईल बंद करून ठेवला.

सकाळी तो चालू केला आणि साडेसहाला वाजला. दिपालीच होती.

“भाऊ, दिवा गेला नाय!” ती म्हणाली. “रात्रभर होता. बाळ चांगलं आहे. आताच दूध पिऊन झोपलं.”

मी खाटेवर बसून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. बायकोनं विचारलं काय झालं, तर म्हटलं गिऱ्हाइकाचं काम झालं. चहा न घेताच निघालो, कारण मला ते डोळ्यांनी बघायचं होतं.

वस्तीवर ऊन पसरलं होतं. दिपालीचा चेहराच वेगळा दिसत होता. ती सांगू लागली. अडीच वाजून गेले तसा छपरावरचा वाराही पडला, सगळं गप्प झालं. तेव्हा रंगुबाई उठली आणि तिनं दार उघडलं. पाचवीच्या रात्री कुणी दार उघडत नाही. दिपालीनं बाळाला पोटाशी ओढून घेतलं. म्हातारी उंबऱ्यात उभी राहिली आणि अंधाराला म्हणाली, “आलाव व्हय? या. पोचला बरं का उजेड. लेकरू बरं हाय.” मग थोडा वेळ बाजूला सरून उभी राहिली, कुणाला आत यायला वाट द्यावी तशी. आणि दार लावून घेतलं.

“मला भ्या वाटायला पाहिजे होतं, भाऊ,” दिपाली म्हणाली. “पण मला झोप लागली. चार वर्षांत अशी झोप लागली नव्हती.”

मी हसून मान डोलावली, छपरावरची गोधडी काढून आणली आणि डबीसमोर जाऊन नोंद उघडली. वाटलं होतं, दोन पस्तीसला पॅनलची रेघ वर गेलेली दिसेल. ती गेलीच नव्हती. संध्याकाळचे ते अठरा व्होल्ट उतरल्यापासून सूर्य उगवेपर्यंत पॅनल शून्य. त्यानंतर रात्रभर वर काहीच आलं नव्हतं. मला बरं वाटलं. मग सवयीनं दुसरी रेघ बघितली, दिव्याकडे किती करंट गेला त्याची. आमच्या दिव्याला पॉइंट चार अँपिअर लागतात. दोन पस्तीसपर्यंत पॉइंट चार. तिथून पुढं उजाडेपर्यंत पॉइंट आठ.

“रात्री दुसरं काही लावलं होतं का?” मी विचारलं. “मोबाईल वगैरे?”

“कशाला लावू? जोडायला जागा कुठं आहे?” दिपाली म्हणाली. खरंच नव्हती. ती वायरिंग माझीच.

मी वळलो तर भिंतीला पाचवीचा पाटा अजून मांडलेला होता. हळदकुंकू, सुकलेली फुलं, पेन. सटवाईला लिहायला एक कोरा कागद ठेवतात. तिथं दोन होते. शेजारी शेजारी, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर एकेक खडा ठेवलेला. मी रंगुबाईकडे पाहिलं. सुनेला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, “एकाचं ल्ह्यायचं ऱ्हायलं हुतं न्हवं का, अजिनाथ. त्यास्नी म्हनलं, त्याला बी घिऊन या आत.”

मी दिपालीला काही सांगितलं नाही. सगळं ठीक आहे म्हणालो आणि निघालो.

त्याला आता दीड महिना होत आला. पंधरा दिवसांनी एकदा मी त्या वस्तीवर जातो, बॅटरीचं पाणी बघायचं निमित्त करतो. मुलगी चांगली बाळसं धरते आहे. दिपाली सांगते, रात्री ती कोपऱ्याकडे बघून हसते, लहान पोरं हसतात तशीच. रोज दोन पस्तीसपासून उजाडेपर्यंत त्या घरात दोन दिव्यांचा करंट जातो. दिवा एकच आहे. एवढा करंट रोज गेल्यावर ती बॅटरी आठवड्यात बसायला हवी होती, पण रोज सकाळी ती काठोकाठ भरलेली असते.